पांढरं बघतोय

वनिता सपकाळचा फोन सेलमहून आला,
भर दुपारी, मी कुणाच्यातरी बारशाचे फुगे जोडत होतो.
"माझ्या लग्नाच्या कॅसेटमधी दादांचं हसणं हाय बघा,
चारेक सेकंदं आसंल.
त्याच्यावरचं गाणं तेवढं काढून द्या."

कॅसेट म्हणजे डीव्हीडी.
डीव्हीडीत गाणं आणि हसणं
एकाच मुशीत वितळलेलं.
विट्याच्या गलाईवाल्याच्या पोरीला
हे फोड करून सांगावं लागत नाही.
"मग मूळ हुडका की," म्हणाली.

प्रोजेक्ट उघडलं. अकरा वर्षांनी उघडलं,
हेच पुष्कळ.
टाइमलाइनवर सगळं लालच लाल,
मीडिया ऑफलाइन.
कात्री कुठं कुठं चालवली ते त्याला तोंडपाठ,
कापड तेवढं जवळ नाही.

हसण्याच्या तुकड्यावर आलो, एफ दाबला:
ही चौकट कुठून उचलली, दाखव.
त्यानं नुसता पत्ता दिला.
जी ड्राइव्ह, लेंगरे, कॅमेरा दोन, क्लिप सतरा.
हल्ली माझ्याकडं जी म्हणजे
जो येईल त्याचा पेनड्राइव्ह.

मग कपाट उपसलं.
सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन
धुणारी, जाळणारी माणसं आमच्याकडं घरटी आहेत;
मी तसा बसलो, मांडी घालून, सहा डिस्कांसमोर.
एक नुसतीच टकटकते.
एकीत भाच्याचे गेम.
एकीत एकाच गणपतीची मिरवणूक तीनदा,
फायनल, फायनल दोन, हीच फायनल.

सातवी खालच्या खणात होती, पावतीपुस्तकांखाली.
ती कुठं आहे ते मला सकाळपासून माहीत होतं.
यासीन शिकलगारची डिस्क.
नऊ हजारांच्या हिशोबापायी मी अडवलेली,
त्यानंही कधी मागितली नाही.
आता तो कराडला ड्रोन उडवतो म्हणे.

लावली. दिवा लुकलुकला.
क्लिप सतरा, अकरा मिनिटं.
हसणं दोन मिनिटं सहा सेकंदांवर,
तरी मी शून्यापासून बघत बसलो.

मांडवाच्या तोंडाला दादा उभे,
नवा फेटा हातात, अजून बांधायचा होता.
दोन्ही हात फेट्याखाली लपवलेले.
फोकस जातो, येतो.
"चालू हाय का रं?"
"न्हाय दादा," यासीन कॅमेऱ्यामागून,
"अजून नुसतं पांढरं बघतोय."
"आरं, पांढरं बघाय माजं केस हायती की!"
आणि ते हसले.
म्हणताना हात डोक्याकडं गेला,
तेजाबानं पिवळी पडलेली नखं,
अंगठ्यावर जुना, काळा चट्टा,
सगळं उजेडात, स्वच्छ.

टाइमलाइनवर बघितलं,
मी चौकट एकशे चाळीस टक्के वाढवून ठेवलेली.
हात बाहेर.
लग्नाच्या पिक्चरला बरं दिसत नव्हतं,
असंच काहीतरी मनात आलं असणार.
गाणं टाकलं, यासीन गेला.
नवरीच्या बापाचं हसू तेवढं राहिलं,
कशाला हसले त्याचा पत्ता नाही.

खाली रेकॉर्डिंगचा ठिपका लाल.
चालू नाही म्हणाला तेव्हाही चालूच होता.
बेरकी.

रात्री वनिताचा फोन. "घावलं का?"
घावलं. अकरा मिनिटं आहेत.
"चारच सेकंदं हुतं न्हवं?"
चार मी ठेवलेली.

तिच्यामागं भट्टीचा पंखा घरघरत होता.
पाठवलेलं तिनं तिथंच उभ्यानं बघितलं असावं,
कारण बराच वेळ पंखाच ऐकू आला.
मग म्हणाली, "त्यो दुसरा आवाज कुणाचा वं?
त्येंला सांगा, माझं दादा लई हसलं म्हणून."

नाव सांगितलं.
नंबर विचारला तिनं.
पूर्वी पाठ होता.